जात्याच्या खुंटीवरची खुर्ची

ये गो, अशी जवळ ये. दारातच उभी राहून काय विचारतेस? चपला काढ, पाणी पी. किती महिन्यांनी मावशीची आठवण झाली ते आधी सांग, आणि आल्या आल्या पिशवीतून हे जिना चढणाऱ्या खुर्च्यांचे रंगीत कागद काय काढतेस! ही खुर्ची घेऊ की ती घेऊ, जिन्याच्या डाव्या अंगाला बसवू की उजव्या, बटण हाताशी की पायाशी. अगं, जिच्यासाठी घेतेस त्या तुझ्या आईला विचारलंस का? नाही ना? मान हलवतेस कशी बघ. कागद ठेव त्या खिडकीत. जिन्यावर माणूस चढवायचं म्हणजे काय असतं ते मी सांगते, ऐक. आमच्या घरात हे सगळं होऊन गेलंय, तेही तुझा जन्म व्हायच्या आधी.

मी लग्न होऊन चिंचणीच्या या घरात आले तेव्हा तारापूरला विजेच्या केंद्राचं बांधकाम जोरात चाललं होतं. गावात मात्र अजून कंदील. घर हेच, कौलारू, वर माडी. खाली ओटी, माजघर, स्वयंपाकघर आणि मागे भाताची खोली. माजघराच्या कोपऱ्यातून हा जिना, लाकडी, सरळ वर गेलेला, दोन्ही अंगांनी फळ्या मारलेल्या. वरच्या टोकाला दार. ते दार लावलं की खालचा धूर वर येत नसे, म्हणून माझे सासरे वर राहायचे. त्यांना दमा. समुद्राकडची खिडकी उघडी टाकून बसायचे, पानवेलीच्या वाडीवर नजर ठेवायचे. जिना चढउतार करायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं.

सासूबाई मात्र दिवसभर खाली. चूल सोडून त्यांचा जीव दुसरीकडे रमायचाच नाही. आम्ही त्यांना आई म्हणायचो. सगळी झाकपाक झाली की त्या पानाचा डबा घेऊन वर जायच्या. मग वरून बोलण्याचा आवाज. काय एवढं बोलायचे देव जाणे. भांडायचे तेही मजेत.

आषाढात आई विहिरीशी शेवाळावरून घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. गाडीत गवत घालून बोईसर, तिथून रेल्वेने पालघर. पायाला वजन बांधून निजवून ठेवलं. घरी आणल्या तेव्हा हाड जुळलेलं होतं, पण पाय गुडघ्यात वाकेना तो वाकेनाच. काठी घेऊन माजघरातून चुलीपर्यंत जायच्या, पाटाऐवजी उंच चौरंगावर बसून भाकऱ्या थापायच्या. जिना मात्र संपला.

त्यांना घरी आणलं त्या दिवशी सासरे कुणाचं न ऐकता खाली आले. सरपण ओलं, घरभर धूर. संध्याकाळपर्यंत त्यांचा श्वास असा लागला की ओठ निळे पडले. ह्यांनी आणि भावजींनी त्यांना पाठीवर घेऊन वर नेलं. आईंनी खाटेवरून ते पाहिलं आणि ओरडून शपथ घातली, “आजपासून जिन्याखाली पाय ठेवलात तर माझं मेलेलं तोंड बघाल! सांगून ठेवते!”

आमच्याकडे शपथ म्हणजे शपथ. कुणी हसण्यावारी नेत नसे. सासरे वर, आई खाली, आणि मध्ये हा जिना. चूल पडवीत मांडून पाहिली, तर धूर कौलाखालून फिरून घरातच. मग सासरे वरून काठीने तक्तपोशी, म्हणजे माडीची लाकडी जमीन, ठोकायचे, आई खालून जिन्याच्या फळीवर काठी आपटायच्या. ठोकणं एकच, पण आईंना अर्थ बरोबर कळायचा. “चहा मागतायत.” “खिडकी लावून घे म्हणतायत.” एकदा नुसतंच ठोकलं. मी म्हटलं, आता काय? तर म्हणाल्या, “काय नाय. असंच.”

गणपती गेले, दसरा गेला, दिवाळी आली. ताट वर नेणारी मी. ते ताट अर्धं परत यायला लागलं. मग अर्ध्याहून जास्त. माशाला हात लावायचे नाहीत. आई रिकाम्या वाटीऐवजी भरली वाटी बघायच्या आणि मलाच रागवायच्या, “तू नीट वाढत नसशील!” मी काय बोलू? सासऱ्यांच्या गळ्याची हाडं दिसायला लागली होती, ते खाली कसं सांगू? एक दिवस ते मला म्हणाले, “सूनबाई, ती बरी हाय ना गो? खरं सांग. तुमी सगळी मला फसवत तर नाय?”

मी खाली येऊन ह्यांना म्हटलं, “आईंना वर न्या. आठवड्यात न्या. नाहीतर बाबा पुढची होळी बघायचे नाहीत.”

आता आमचे हे. माणूस कामाचा, पण डोक्यात एक आलं की दुसरं शिरायचं नाही. मनोरच्या बाजाराला गेले आणि गाडीत दोन लांबसडक हिरवे बांबू घालून आणले. ओटीवरची हाताची खुर्ची अंगणात मांडली, दोन्ही अंगांना बांबू लावले आणि काथ्याने करकचून बांधायला बसले. चौघांनी उचलायचं, वर न्यायचं, झालं काम. भावजी त्या दिवशी घरी होते, ते गाठी मारायला बसले. मी आत तांदूळ निवडत होते. आईंचा दुपारचा डोळा लागलेला.

तुझ्या ध्यानात आलं का काय झालं असेल ते? आमच्या दोघा शहाण्यांच्या नाही आलं. हिरवे बांबू, नवा काथ्या, दोन मुलगे अंगणात खाली मान घालून गाठी मारतायत, आणि घरात दोन म्हातारी आजारी. कुंपणापलीकडून शेजारच्या काकूंनी हे पाहिलं. त्यांनी एकदा माडीकडे बघितलं, खिडकीत सासरे बसलेले दिसले. म्हणजे दुसरं कोण? पदर तोंडाला लावून त्या अंगणात शिरल्या आणि मोठ्याने गळा काढला, “अगो माझे बाय! न सांगता गेलीस गो!”

हे दोघे उठून उभे राहिले. “काय झालं काकी? कोण गेलं?”

“मला विचारतोस मेल्या? आई कुणाची गेली?”

तोवर वाडीतले शेजारी जमले. एकाने डोकीवरचं मुंडासं काढून हातात घेतलं. दुसरा मडकं आणायला वळला होता, त्याला भावजींनी पळत जाऊन धरला. आणि या सगळ्या गलबल्यात मला वरून आवाज आला. काठी पडल्याचा. मग जिन्याचं दार उघडल्याचा.

मी माजघरात धावले. सासरे जिना उतरत होते. एक हात फळीवर, दुसरा हात छातीवर. डोळ्यांत पाणी नव्हतं, नुसते उघडे डोळे. मी खालून ओरडले, “बाबा, शपथ! आईंची शपथ आहे!”

“आता कसली शपथ,” ते म्हणाले. “गेली ना ती.”

तेवढ्यात खाटेवरून आई गरजल्या. गरजल्याच म्हणते मी. “मी हाय! जिती हाय! कोण रडतंय ती भवानी? आणि तुमी तिथंच थांबा! पाय खाली ठेवू नका! शपथ हाय माझी!”

सासरे जिथे होते तिथेच, मधल्या पायरीवर बसले. खोकला सुरू झाला. आईंना खाटेवरून त्यांची फक्त पावलं दिसत होती. खालच्या पायरीवर टेकलेली. आई त्या पावलांकडे बघत राहिल्या. बाहेर काकू अजून हुंदके देत होत्या, कारण एकदा सुरू केलेलं रडणं लगेच थांबवता येत नाही.

सासऱ्यांना पुन्हा वर पोचवलं. अंगणातले बांबू सोडून गोठ्यामागे टाकले. काकूंना चहा दिला. चहा पिता पिता त्या आईंना म्हणाल्या, “आता तुला खूप आयुष्य गो.” आई म्हणाल्या, “तुझं रडणं ऐकून घेतलं मी. चांगलं रडलीस. खरी गेले की इतकंच रड.” मग सगळे हसले.

लोक गेल्यावर आईंनी आम्हा तिघांना खाटेशी बोलावलं.

“मला वर जायचं हाय,” त्या म्हणाल्या. “पण उचलायचं नाय कुणी. लोकांच्या खांद्यावर मी एकदाच जाणार, तेव्हा मला कळणार पण नाय. आता मला कळतंय. म्हणून मी माझ्या हातानं वर जाईन आणि माझ्या हातानं सकाळी खाली येईन. चूल मी सोडणार नाय. काय ते बघा.”

बघ, हे होतं काम. वर न्यायचं नव्हतं, त्यांना जाता आलं पाहिजे होतं. फरक आहे की नाही?

भावजी बांधकामावर लोखंडकामात होते. तिथे देशभरची माणसं, सगळी हिंदीत बोलायची, म्हणून भावजीही घरात हिंदी झाडायचे. ते म्हणाले, “सोप्पं आहे. भाताच्या खोलीत तक्तपोशीला झाकण आहेच. पोती ज्या कप्पीने वर घेतो तिलाच झोळी बांधू. बैठो माताजी, सीधा ऊपर!”

“मी काय भाताचं पोतं?” आई म्हणाल्या. झालं, ते तिथेच निकालात निघालं.

मग जिन्यावरूनच काहीतरी करायचं ठरलं. पायऱ्यांवर एका बाजूने दोन लांब फळ्या रुळांसारख्या बसवायच्या, त्यावर छोटा गाडा, गाड्यावर खुर्ची. दुसऱ्या बाजूने माणसाला चढउतार करायला वाट उरली पाहिजे, कारण ताट, पाणी, झाडू सगळं तिथूनच जाणार. डावी बाजू की उजवी, यावर हे आणि भावजी वाद घालत बसले. मी म्हटलं, “वाद कसला? आईंना कुठला पाय खाली टेकून बसता येतं ते बघा ना.” धड पाय उजवा. तो ज्या बाजूला मोकळा राहील ती बाजू. तुझ्या कागदात हे लिहिलंय का बघ.

मग तोंड कुठे करायचं हा प्रश्न. वर तोंड केलं तर न वाकणारा पाय पायऱ्यांना अडणार. आडवं बसवलं तर तोच पाय समोरच्या फळीत. म्हणजे खाली तोंड, पाय मोकळा पुढे, आणि पाठीने वर जायचं. बसायला हेच सोयीचं. पण ते ऐकून आई गप्प झाल्या. नाही म्हणाल्या नाहीत.

मी रात्रीचं पीठ दळायला बसले होते. आई चौरंगावर. मी हळूच विचारलं, “आई, काय खुपतंय?”

त्या जात्याकडे बघत म्हणाल्या, “इतक्या महिन्यांनी जायचं, आणि ह्यांच्याकडे पाठ करून?”

माझा हात जात्यावर फिरत होता. वरची तळी गरागरा फिरते आणि खालची जागची हलत नाही, मधे ती एवढीशी खुंटी. मी दळणं थांबवलं. म्हटलं, “आई, खुर्चीच जर अशी फिरली तर?”

त्या मला म्हणाल्या, “पीठ सांडतंय बघ.” पण डोळ्यांत चमक आली होती.

भावजींनी जाडसर लोखंडी खुंटी करून आणली. गाड्याच्या मधोमध ती ठोकली, खुर्चीच्या बैठकीखाली फळी मारून तिला भोक पाडलं, मध्ये एरंडेल. पुढे एक कडी, ती लावली की खुर्ची हलायची नाही, काढली की हाताच्या धक्क्याने फिरायची. भिंतीकडच्या फळीला वरपासून खालपर्यंत दोर ताणून बांधला, तो धरून आईंनी स्वतःला रेटायचं. आणि गाड्याखाली एक लाकडी अडसर. गाडा वर सरकला की तो आपोआप प्रत्येक पायरीच्या काठावर पडायचा, म्हणजे हात सुटला तरी गाडा खाली घसरणार नाही. उतरताना दोरीने तो उचलून धरायचा. हे आमच्या ह्यांचं डोकं. सांगितलं ना, एक आलं की तेच. पण आलेलं पक्कं असायचं.

राहिलं वजन. नुसत्या हातांनी कोण स्वतःला जिन्यावरून ओढेल? म्हणून गाड्याला मागून दुसरा दोर, तो माडीवर कप्पीवरून भाताच्या खोलीत सोडायचा आणि त्याला वाळूचं पोतं टांगायचं. विहिरीत एक पोहरा खाली जाताना दुसरा हलका होऊन वर येतो तसं. आई वर निघाल्या की पोतं खाली. पोतं केवढं? भावजी म्हणाले, आईंच्या वजनाएवढं.

“मला तागडीत बसवताय?” आई म्हणाल्या. “बसवा, तेवढंच राहिलं होतं.” भात मोजायच्या मोठ्या तागडीत बसल्या, दुसऱ्या पारड्यात वाळू. काकू बघायला आल्या होत्याच. म्हणाल्या, “बरी खातेस की गो! मी उगाच रडले.”

पहिल्यांदा खुर्चीत भावजी बसले. परीक्षा म्हणून. ह्यांनी अडवलेला दोर सोडला. काय झालं ते कुणाला धड दिसलंच नाही. भाताच्या खोलीत धप्प आवाज, जिन्यात खडखडाट, आणि भावजी पाठीने वर! दार फाडकन उघडलं आणि गाडा थेट माडीत, सासऱ्यांच्या पुढ्यात. भावजींनी तशाच अवस्थेत हात जोडले, “नमस्ते बाबा. बोईसरवरून आलो.”

आणि सासरे हसले. अगं, आम्ही खाली ऐकलं. खोकला मधे मधे, पण हसणं. आईंनी काठी टेकून मान वर केली आणि ऐकत राहिल्या.

वरून सासऱ्यांचा आवाज आला, “अरे गाढवांनो, सरळ वर उचलायचं असतं तर तेवढं वजन लागलं असतं. हा चढ हाय. वाळू काढा. ती बसल्यावर दोर नुसता ओढल्यासारखा लागला पाहिजे, जास्त नाय.” ह्यांनी वाळू काढली, थोडी परत घातली, पुन्हा काढली. आईंना खाली बसवून, अडसर लावून, दोर चाचपायला लावला. “जड.” “अजून जड.” “आता उडेन मी, काढ परत थोडी.” शेवटी म्हणाल्या, “हां. आता बरोबर.”

त्या दिवशी आईंनी आधी भात, मग बोंबलाचं कालवण केलं. चुलीवर पाणी ओतून ती विझवली. केस विंचरून अंबाडा घातला, लुगडं बदललं. मला म्हणाल्या, “कुंकू नीट हाय ना गो?” मग खुर्चीत बसल्या. पानाचा डबा मांडीवर.

ह्यांना, भावजींना हात लावू दिला नाही. दोर धरला आणि रेटलं. गाडा एक पायरी सरला, अडसर टक् करून पडला. परत रेटलं, टक्. मधेच थांबल्या. मी जिन्याखाली, हे माझ्याजवळ. मी विचारलं, “अडकलं का आई?”

“अडकलं नाय. दमले. माणूस दमतं.” आणि जराने, “इथंच ना हे बसले होते त्या दिवशी?”

“हो,” मी म्हटलं.

मग पुन्हा टक्. टक्. वरचं दार आधीच उघडून ठेवलेलं. सासरे दाराशी भिंतीला टेकून उभे, हे मी खालून बघत होते. त्यांना दिसत होता आईंचा अंबाडा. नुसता अंबाडा, जवळ जवळ येणारा. त्यांनी हात पुढे केला आणि परत घेतला. त्यांनाही समजलं होतं की हात लावायचा नाही.

गाडा वर पोचला. आईंनी कडी काढली. फळीला हाताने जरा ढकललं, आणि खुर्ची फिरली. जात्याची तळी फिरते तशी, सावकाश. फिरली आणि समोर आली.

मी पदर तोंडात धरला होता. सासरे म्हणाले, “वाळलीस गो.”

आई म्हणाल्या, “आणि तुमची हजामत कोण करतं? मानेवर केस आले बैरागीबुवासारखे.”

आमचे हे तिथेच शेवटच्या पायरीवर बसले. भावजी म्हणाले, “चला, भांडण सुरू. लिफ्ट पास!”

मी दोघांची ताटं वर नेली. परत आणायला गेले तेव्हा सासऱ्यांचं ताट चाटूनपुसून रिकामं. बोंबलाचा काटाही बाजूला नीट ठेवलेला. ते रिकामं ताट घेऊन मी जिना उतरले. इतके महिने अंग घट्ट धरून चालत होते, ते एकदम सैल झालं. खाली येऊन मी भांडी न घासता तशीच बसले. आईंनी वरून काठी ठोकली. मला काही त्यांच्यासारखा अर्थ कळत नसे. धावत गेले तर म्हणाल्या, “काय नाय गो. असंच. जेवून घे.”

त्यानंतर रोज सकाळी टक्, टक् आवाज न होता गाडा सुळकन खाली यायचा, आणि दुपारची कामं आटोपली की टक् टक् वर. गावातली माणसं बघायला येत. काकूंनी एकदा बसून पाहिलं, पोतं त्यांच्या मापाचं नव्हतं, तिथेच मधे अडकून बसल्या आणि तिथूनच ओरडून सगळ्या वाडीला बोलावलं. आईंनी माडीवरून त्यांना पान लावून दिलं, म्हटलं, आता बस निवांत. सासरे पुढच्या होळीला होते. त्याच्या पुढच्यालाही होते, आणि नंतरही.

म्हणून म्हणते, ते कागद नंतर. आधी घरी जा आणि तुझ्या आईला विचार. कुठला गुडघा दुखतो ते नको विचारूस, ते डॉक्टर सांगेल. वर तिला कशाला जायचंय ते विचार. तिला बटण दाबलेलं आवडेल की दोर धरलेला. वर पोचल्यावर पहिल्यांदा तोंड कुणाकडे हवं. मग खुर्ची निवड, ती मुंबईची असो की परदेशची.

आणि एवढ्या दुरून आलीस ती एका दिवसात परत काय पळतेस! बरं, जा आज. पण तिला घेऊन ये. बोईसरला उतरा, रिक्षा आता थेट दारात येते. माडीवर आता मीच राहते, रूळ आहेत, खुंटी आहे, गेल्या महिन्यात एरंडेल घातलं. तुझ्या आईला म्हणावं, बहिणीकडे बसून बघ, आवडली तर तशीच करून घेऊ. पोत्यातली वाळू आधीच तिच्या बेताची करून ठेवते. फार दिवस लावू नका गो. लवकर या.